उमेदवारी कोण करणार?

मी पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. गेली दोन-तीन वर्षे प्रवेशाच्या दिवसांत पालक एकच प्रश्न विचारतात : 'सर, प्रोग्राम लिहायचं काम एआयच करणार असेल, तर पोराला या शाखेत घालावं का?' यावर 'काही होत नाही' आणि 'सगळं संपलं' अशी दोन सोपी उत्तरे आहेत. हाती असलेला पुरावा पाहिला, तर दोन्ही अपुरी ठरतात.

यंत्राने नोकऱ्या गिळल्याचे एक चांगले अभ्यासलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या टेलिफोन ऑपरेटर. १९२० ते १९४० या काळात एटी अँड टी कंपनीने आपल्या निम्म्याहून अधिक स्थानिक जाळ्यात स्वयंचलित यंत्रणा बसवली आणि तरुण मुलींना हमखास मिळणारी ही नोकरी शहरामागून शहरात आटत गेली. जेम्स फायगनबॉम आणि डॅनियल ग्रॉस या अर्थशास्त्रज्ञांनी जनगणनेच्या नोंदींवरून त्याचा परिणाम तपासला. त्यांना दिसले, की पुढच्या पिढीतल्या मुलींचा रोजगार एकंदरीत घटला नाही. त्या टंकलेखनासारख्या कार्यालयीन कामांकडे किंवा उपाहारगृहांकडे वळल्या. फटका बसला तो आधीपासून ऑपरेटर असलेल्या स्त्रियांना. त्यांतल्या अनेकींना पुढे कमी पगाराचे काम पत्करावे लागले किंवा नोकरीच सोडावी लागली. थोडक्यात, जुने भरडले गेले, नवे सावरले.

आज चित्र उलटे दिसते आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले झाले. त्यानंतरच्या काळातल्या अमेरिकी पगारनोंदींचा अभ्यास एरिक ब्रिन्योल्फसन आणि त्यांच्या स्टॅनफर्डमधल्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२५मध्ये मांडला. प्रोग्रामिंग, ग्राहकसेवा अशा एआयच्या थेट टप्प्यातल्या व्यवसायांत २२ ते २५ वयोगटाचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटला होता. त्याच व्यवसायांतल्या वयाने मोठ्या कर्मचाऱ्यांचा रोजगार मात्र टिकून होता किंवा वाढला होता. कोविडकाळातली भरमसाट भरती आणि नंतर चढलेले व्याजदर यांचा यात किती वाटा, यावर अर्थशास्त्रज्ञांत वाद आहे. तरीही एकाच व्यवसायात तरुण आणि अनुभवी यांच्या वाटा अशा फुटाव्यात, हे विचार करायला लावणारे आहे.

असे का व्हावे? ही यंत्रणा शिकते ती मुख्यतः लिहिलेल्या मजकुरावरून : पुस्तके, संकेतस्थळे, खुले प्रोग्राम. म्हणजे जे ज्ञान कागदावर उतरले आहे, त्यात ती तरबेज होते. नव्या पदवीधराचे भांडवल नेमके तेच असते. दहा वर्षे काम केलेल्या माणसाकडे त्याखेरीज न लिहिलेले ज्ञान असते : ग्राहक मागतो एक आणि त्याला हवे असते दुसरे, हे ओळखणे, कोणत्या जुन्या प्रणालीला हात लावू नये, हे जाणणे. असे ज्ञान वर्गात देता येत नाही. ते काम करता करता अंगी मुरते.

दुसरा एक अभ्यास वरवर याच्या विरुद्ध वाटेल. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एका कंपनीच्या पाच हजारांहून अधिक ग्राहकसेवकांच्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या ज्यांना एआय मदतनीस दिला, त्यांच्या कामाचा वेग सरासरी १४ टक्क्यांनी वाढला. सर्वांत जास्त, म्हणजे सुमारे एक तृतीयांश, वाढ नवख्यांची होती; कसलेल्यांना फारसा फायदा झाला नाही. म्हणजे हेच साधन नवख्याला लवकर तयारही करू शकते. पण त्यासाठी नवखा आधी कामावर असावा लागतो.

आपल्याकडचा प्रश्न इथेच आहे. हिंजवडी असो वा बंगळूर, आपल्या सॉफ्टवेअर कंपन्यांची रचना पिरॅमिडसारखी आहे. तळाला मोठ्या संख्येने फ्रेशर, वर मोजके अनुभवी. तळाची मुले चाचण्या घेतात, किरकोळ चुका दुरुस्त करतात, दस्तऐवज लिहितात. जुन्या छापखान्यात नव्या पोराला आधी वापरलेले खिळे परत आपापल्या खणात टाकायला बसवत. काम कंटाळवाणे, पण त्यातूनच हाताला खण आणि डोळ्याला अक्षर कळे. फ्रेशरची कामेही अशीच उमेदवारी होती आणि तिचा खर्च ग्राहकाच्या बिलातून आपोआप निघत होता. आता हीच कामे एआय सर्वांत स्वस्तात करते. खिळ्यांचा छापखाना गेला, तेव्हा तो सगळाच गेला. इथे वरची कामे शाबूत आहेत आणि जाते आहे ती त्यांच्याकडे नेणारी पायरी. आज भरती थांबवणाऱ्या कंपनीला पंधरा वर्षांनी अनुभवी माणसे कुठून मिळणार, याचा हिशेब तिच्या तिमाही ताळेबंदात दिसत नाही.

काही व्यवसायांनी उमेदवारी बाजारावर सोडलेली नाही. डॉक्टरला इंटर्नशिप सक्तीची आहे, सीएला आर्टिकलशिप. १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदाही आपल्याकडे आहे. सॉफ्टवेअरमध्येही पगारी उमेदवारीचा असा रिवाज पाडावा लागेल आणि तिचा खर्च कंपन्या, महाविद्यालये व सरकार यांनी वाटून घ्यावा लागेल, असे मला वाटते. नाहीतर ज्यांच्या घरी परवडते, तीच मुले वर्ष-दोन वर्षे बिनपगारी इंटर्नशिप करून अनुभव विकत घेतील.

म्हणून पालकांना मी सांगतो : मुलाला गोडी असेल, तर जरूर घाला. पण महाविद्यालय निवडताना तिथे किती जणांना नोकऱ्या लागल्या, एवढेच विचारू नका. चार वर्षांत मुलाला खऱ्या माणसांसाठी, खऱ्या अडचणीवर किती महिने काम करायला मिळेल, तेही विचारा. जालना-लातूरकडून आलेल्या कित्येक मुलांनी पहिल्या फ्रेशर पगारावर बहिणीचे लग्न केले, बापाचे कर्ज फेडले. त्यांच्या धाकट्या भावंडांसाठी ही पायरी राहावी की नाही, हे ठरवणे अजून आपल्या हातात आहे.