मिक्सर व संगणक यांचा जोड

शाळेचें वार्षिक स्नेहसंमेलन आटोपतें, मंडप उतरतो, आणि आठ दिवसांनीं कोणी विचारतो कीं, तीं गाणीं पुन्हा ऐकावयास मिळतील काय? तेव्हां बहुधा हातीं येतें तें कोणाच्या तरी मोबाइलमधील मुद्रण. त्यांत गाण्यापेक्षां शिट्ट्या व खुर्च्यांचा आवाजच अधिक. वस्तुतः ज्या मिक्सरमधून कर्ण्यांस आवाज पुरविला जातो, त्यालाच संगणक जोडला तर उत्तम ध्वनिमुद्रण साधतें. तो जोड कसा करावा, याचें विवेचन आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मिक्सर म्हणजे चटणी वाटण्याचें यंत्र नव्हे, हें सांगणें नलगे. अनेक मायक्रोफोनांतून येणारे आवाज कमीअधिक करून एकत्र मिसळणारें हें यंत्र होय. जुन्या धाटणीच्या, म्हणजे अॅनालॉग मिक्सरमध्यें आवाज हा विजेच्या अखंड लहरीच्या रूपानें वाहतो. संगणकास मात्र केवळ आंकडे समजतात. म्हणून दोहोंमध्यें एक दुभाषी लागतो. त्यास ऑडिओ इंटरफेस म्हणतात. तो त्या लहरीची उंची एका सेकंदांत ४४,१०० किंवा ४८,००० वेळां मोजतो आणि प्रत्येक माप आंकड्यांत लिहून संगणकाच्या स्वाधीन करितो.

आतां मुख्य मुद्दा. मायक्रोफोनमधून निघणारी वीज अत्यंत क्षीण, व्होल्टच्या कांहीं सहस्रांश इतकीच असते. मिक्सर तिला वाढवून बाहेर सोडतो, तेव्हां ती सुमारें एक व्होल्ट होते. पहिलीस 'माइक' पातळी व दुसरीस 'लाइन' पातळी म्हणतात. इंटरफेसला या दोहोंसाठीं निरनिराळीं द्वारें किंवा निराळी कळ असते. मिक्सरची तार नेहमीं लाइनच्या द्वारांतच घालावी. ती माइकच्या द्वारांत घातली, तर आधींच वाढलेला आवाज पुन्हा वाढविला जातो व तो फाटतो. तसेंच मायक्रोफोनांस वीज पुरविणारी ४८ व्होल्टची कळ इंटरफेसवर बंद ठेवावी.

जोडणीचा क्रम असा : प्रथम दोन्ही यंत्रांचे आवाज अगदीं खालीं आणावे. मिक्सरच्या डाव्या व उजव्या निर्गमांतून दोन तारा इंटरफेसच्या पहिल्या व दुसऱ्या लाइन-द्वारांत न्याव्या. नंतर गायकास त्याच्या सर्वांत चढ्या आवाजांत गावयास सांगून आवाज हळूहळू वाढवावा. संगणकावरील मापकांत शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा असते. अत्युच्च स्वरही उणे १२ च्या आसपास थांबेल असें पाहावें. शून्यावर गेलेल्या लहरीचा माथा छाटला जातो, आणि मग खरा आवाज परत मिळविण्याचा भरंवशाचा उपाय नाहीं. आवाज थोडा कमी भरला तर मागाहून वाढवितां येतो. फाटलेला पूर्ववत् होत नाहीं.

तीन विघ्नें विशेष लक्षांत ठेवावीं. पहिलें गुणगुणीचें. दोन यंत्रें दोन निराळ्या ठिकाणांहून वीज घेत असलीं, कीं ५० आवर्तनांच्या विजेची घरघर मुद्रणांत शिरूं शकते. यासाठीं दोन्ही एकाच बोर्डावर लावावीं व तीन तंतूंच्या समतोल तारा वापराव्या. अशा तारेंत एकच लहर दोन तंतूंवरून परस्परविरुद्ध ध्रुवतेनें धाडिली जाते. वाटेंत शिरलेला गोंगाट दोहोंवर सारखाच असल्यानें वजाबाकींत नाहींसा होतो. दुसरें विघ्न फेऱ्याचें. मुद्रण ऐकण्यासाठीं संगणकाचा आवाज मिक्सरच्या एखाद्या वाहिनींत परत आणला, आणि तीच वाहिनी पुन्हा मुद्रणास गेली, तर आवाज घुमत राहून किंकाळी उठते. म्हणून ऐकावयाचें तें इंटरफेसला हेडफोन लावूनच ऐकावें.

तिसरें विघ्न सूक्ष्म आहे. सभागृहांत ढोलकी मुळांतच मोठ्यानें ऐकूं येते, म्हणून मिक्सरवर ती कमी ठेवितात. परिणामीं मुख्य निर्गमांतून घेतलेल्या मुद्रणांत ढोलकी जवळजवळ लुप्त होते. यावर उपाय असा कीं, मिक्सरवरील 'ऑक्स' नांवाच्या निराळ्या निर्गमांतून केवळ मुद्रणासाठीं स्वतंत्र मिश्रण बांधावें. एकदां मिसळलेले आवाज पुढें सहजासहजीं वेगळे होत नाहींत.

एवढी दक्षता कशासाठीं, असें कोणी विचारील. आमच्या बीड जिल्ह्यांतच याचें उत्तर आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ या अभ्यासकांच्या प्रयत्नानें महाराष्ट्रांतील खेड्यांपाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. त्यांपैकीं कांहींचें ध्वनिमुद्रणही झालें. माजलगांवच्या भीमनगरांतील स्त्रियांनीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर गाइलेल्या ओव्या १९९६ सालीं मुद्रित झाल्या. २०१७ पासून हा संग्रह संगणकाच्या द्वारें जगापुढें येऊं लागला. पिठाच्या गिरणीनें जातें मुकें केलें; तरी ते आवाज उरले, कारण कोणीतरी ते वेळेवर व नीट टिपून ठेविले. ओवीचे शब्द कागदावर राहतात, परंतु गळ्याची ढब कागदावर उतरत नाहीं.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याही घरीं आजी असेल, तिच्या कंठीं ओव्या असतील. शाळेच्या मिक्सरवर हात बसला, म्हणजे एखाद्या रविवारीं तिलाही मायक्रोफोनपुढें बसवा. मात्र आधीं तिची परवानगी घ्या, आणि मापकावरील कांटा शून्यास भिडूं देऊं नका.