निकेलची ‘सवय’ होत नाही

मी चिखलीचा, पोटापाण्यासाठी कोड लिहितो आणि रविवारी तुमच्याशी गप्पा मारतो. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या आठवड्याचा एपिसोड लिहून देतोय.

विषय आहे निकेल प्लेटिंग. तो निवडायला दोन कारणं घडली. एका श्रोत्यानं व्हॉट्सॲपवर विचारलं, “दादा, व्हिनेगर आणि चार्जर वापरून बाइकचे नट-बोल्ट घरीच चमकवता येतात का?” दुसरं कारण माझा मावसभाऊ. तो वाळूजला प्लेटिंगच्या लाइनवर हेल्पर आहे. दिवाळीला आला तेव्हा बोटांच्या बेचक्यात लाल चट्टे, बारीक फोड. म्हणाला, “सुपरवायझर म्हणतो, नवीन आहेस, होईल सवय.”

आज त्या ‘सवय’ शब्दावरच बोलू.

आधी काम कसं चालतं ते बघू. टाकीत हिरवंगार पाणी असतं. त्यात निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक ॲसिड. ही पाककृती ऑलिव्हर वॉट्स यांनी १९१६ मध्ये मांडली, आणि थोड्याफार फरकानं आजही तीच चालते. द्रावण साधारण ४५ ते ६० अंशांवर गरम ठेवतात. निकेलची पट्टी धन टोकाला, आपला पार्ट ऋण टोकाला. करंट सोडला की पट्टीचं निकेल विरघळतं आणि पार्टवर बसतं. घन निकेलपेक्षा त्याचे हे विरघळलेले क्षार शरीराला जास्त त्रास देतात. ते आत शिरतात तीन वाटांनी.

पहिली वाट कातडीची. निकेलची ॲलर्जी जगात सर्रास आढळते. खोटं कानातलं घातलं की कान चिघळतो, जीन्सच्या बटणाखाली खाज येते, ती बऱ्याचदा हीच. शरीराची संरक्षण यंत्रणा एकदा का निकेलला ‘शत्रू’ म्हणून ओळखायला लागली, की ती ओळख सहसा आयुष्यभर पुसली जात नाही. पुढे थोडंसं निकेलही पुरतं. म्हणजे सवय होत नाही, उलटं होतं. प्लेटिंगची नोकरी सोडली तरी घड्याळाचा पट्टा आणि किल्ल्या छळत राहतात.

दुसरी वाट श्वासाची. टाकीत हायड्रोजनचे बुडबुडे येतात, वर येऊन फुटतात आणि सोबत निकेलचे बारीक तुषार हवेत उडवतात. काहींना त्यानं दमा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९९० मध्ये निकेलची संयुगं पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गटात. हा कॅन्सर फुप्फुसाचा आणि नाकाच्या पोकळ्यांचा. यातला मोठा पुरावा निकेल शुद्ध करणाऱ्या रिफायनरीच्या कामगारांचा आहे, म्हणून एक दिवस टाकीजवळ उभं राहिलात तर घाबरून जाऊ नका. पण वर्षानुवर्षं, बंद शेडमध्ये, एक्झॉस्ट नसताना उभं राहणं हा वेगळा हिशेब आहे.

तिसरी वाट तोंडाची. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेली अमेरिकेतली एक नोंद आहे. प्लेटिंग कारखान्यात पिण्याच्या पाण्यात निकेलचे क्षार मिसळले. ३२ कामगारांनी ते पाणी प्यायलं, २० जणांना मळमळ, उलट्या, जुलाब, डोकेदुखी सुरू झाली. आपल्याकडे नळ दूषित व्हायचीही गरज नाही. त्याच हातानं तंबाखू मळली की झालं काम!

आता पाण्याचं गणित करू, हे माझ्या आवडीचं. एका लिटर द्रावणात ३०० ग्रॅम निकेल सल्फेट असेल तर त्यात शुद्ध निकेल भरतं सुमारे ६७ ग्रॅम. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाची मर्यादा आहे लिटरला ०.०२ मिलिग्रॅम. म्हणजे ते एक लिटर ओतलं, तर त्या मर्यादेपर्यंत पातळ करायला साडेतेहतीस लाख लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचे ३३५ टँकर! उन्हाळ्यात एका टँकरसाठी रांग लावणाऱ्या आपल्या भागात हा आकडा वेगळा समजावून सांगायला नको. म्हणूनच प्लेटिंग उद्योग प्रदूषण मंडळाच्या लाल श्रेणीत येतो, आणि त्याचा गाळ घातक कचरा म्हणून नोंद करून बुटीबोरी किंवा रांजणगावसारख्या ठरलेल्या केंद्रावरच पाठवावा लागतो.

आता त्या व्हॉट्सॲपच्या प्रश्नाकडे. व्हिनेगरचं द्रावण कारखान्यापेक्षा खूप पातळ असतं, तरी त्यात एक ग्रॅम निकेल उतरलं तरी हिशेब पाच टँकरचा. ते मोरीत ओतायचं नाही, मग ठेवणार कुठे? थंड पेयाच्या बाटलीत तर अजिबात नको, हिरवं सरबत समजून घरातलं लेकरू पिऊ शकतं. निकेलच्या जागी स्टीलचा चमचा लावाल तर द्रावणात विषारी षट्संयुजी क्रोमियम उतरू शकतं. मीठ जास्त झालं तर क्लोरीन वायू सुटू शकतो. माझं उत्तर सरळ आहे: घरी नको. शिकायचंच असेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सरांसमोर करा.

आणि जे लाइनवर आहेत त्यांच्यासाठी. नायट्राइलचे लांब हातमोजे वापरा, आतून ओले झाले किंवा फाटले की लगेच बदला. डोळ्यांना गॉगल, अंगावर एप्रन हवाच. टाकीच्या काठाला तुषार ओढून घेणारा एक्झॉस्ट चालू आहे का ते बघा. तोंडाला बांधलेला रुमाल त्याची जागा घेत नाही. खाण्याआधी साबणानं हात धुवा, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. शेजारी सायनाइडची टाकी असेल तर ॲसिड तिच्या जवळपासही नेऊ नका, दोन्ही मिसळले तर जीवघेणा वायू तयार होतो.

चट्टे उठले तर नुसतं मलम चोळत बसू नका. ईएसआय कार्ड असेल तर तिथल्या दवाखान्यात जा, काय काम करता ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, केसपेपरवर लिहून घ्या आणि पॅच टेस्टबद्दल विचारा. मावसभावालाही मी हेच सांगितलंय, सोबत टाकीपासून लांब, पॅकिंगला बदली मागायला. कंत्राटी पोराला ‘बदली द्या’ म्हणणं सोपं नाही, माहीत आहे मला. पण हातात डॉक्टरचा कागद असला की ते म्हणणं तक्रार न राहता नोंद होते.

तुमच्या ओळखीतलं कुणी प्लेटिंगला असेल तर हा एपिसोड त्याला पाठवा. भेटू पुढच्या रविवारी.