हाकेला ओ देणारं नाव

साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठावर, थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, असं तिथे सांगितलं जातं. त्या कुत्र्याचं नाव होतं खंड्या. महाराज १७४९ साली गेले, पण खंड्याचं नाव आजही लोकांच्या तोंडी आहे.

खंड्या, मोती, वाघ्या, राजा, काळू, शेरू. आपल्याकडची ही जुनी नावं साधी वाटतात, पण कुत्र्यासाठी ती अगदी नेमकी आहेत. दोन अक्षरं आणि शेवटी दीर्घ स्वर. त्यामुळे बांधावरून हाक मारताना ‘राजाऽऽ’ असं हवं तितकं लांबवता येतं. ‘मॅक्स’सारखं जोडाक्षरावर थांबणारं नाव घरात छान वाटतं, पण मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचवताना आवाजाला धरायला स्वरच उरत नाही. कुत्र्याचं नाव निवडायचं ते हाकेसाठी. बाकी सगळे निकष त्यानंतरचे.

दूरदेशीच्या कुत्रेपाळांनाही हेच उमगलं होतं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफन यानं शिकारी कुत्र्यांची नावं आखूड ठेवा, म्हणजे हाक मारायला सोपं जातं, असा सल्ला दिला आणि सोबत ४७ नावांची यादीच दिली. पुढे पहिल्या शतकात रोमन शेतीतज्ज्ञ कोलुमेला यानं नाव फार लांब नको, पण दोन अक्षरांहून तोकडंही नको, असं लिहून ठेवलं. आपला मोती या कसोटीला सहज उतरतो.

आता यामागचं थोडं विज्ञान. हंगेरीतल्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरगुती कुत्र्यांच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून, शब्द ऐकताना त्यांच्या मेंदूत काय घडतं ते तपासलं. ओळखीचा शब्द आणि अगदीच वेगळा निरर्थक शब्द, हा फरक मेंदूच्या प्रतिसादात दिसला. पण निरर्थक शब्दात फक्त एखादा ध्वनी बदललेला असेल, तर तो फरक दिसला नाही. म्हणून रोजच्या आज्ञांशी मिळतंजुळतं नाव टाळावं. आपण कुत्र्याला दिवसभर काय सांगतो? बस, ये, चल, थांब, नको. ज्या घरात ‘नको’ सतत कानावर पडतं, तिथे ‘निको’ हे नाव त्या जिवाला गोंधळात टाकणार. घरातलं पोर ‘सोनू’ असेल, तर कुत्र्याला ‘मोनू’ करू नये.

नाव ठरल्यावर ते शिकवावं लागतं, आणि इथेच बहुतेक घरांत घोळ होतो. बाबा ‘ब्रुनो’ म्हणतात, ताई ‘ब्रुन्या’, आजी ‘बाळा’, आणि धाकटा ‘शोन्या’. लाडाची नावं पुढे हवी तितकी ठेवा, पण पहिले काही आठवडे सगळ्यांच्या तोंडी एकच रूप असू द्या. आजीच्या जिभेवर बसत नसेल, तर ते नाव त्या घराचं नाही.

शिकवण्याची रीत सोपी आहे. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे नखाएवढे तुकडे हातात घ्या. पिल्लू दुसरीकडे बघत असताना आनंदी आवाजात एकदाच नाव घ्या. त्यानं मान वळवून तुमच्याकडे पाहिलं, की त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि तुकडा. वळलं नाही तर नाव घोकत बसू नका. थोडं जवळ जा आणि पुन्हा एकदाच हाक मारा. दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी मिनिटभर, एवढं पुरे. आणि एक पथ्य कटाक्षानं पाळा: रागवताना नाव घ्यायचं नाही. चप्पल कुरतडली म्हणून ‘राजा!’ असं ओरडलात, की राजा त्या हाकेला बिचकायला शिकतो. मग हाक मारली तरी तो येत नाही, आणि दोष मात्र त्याच्या माथी येतो.

रस्त्यावरून किंवा निवाऱ्यातून आणलेल्या मोठ्या कुत्र्याचं नाव बदलता येतं. याच रीतीनं तो नवं नावही शिकतो. जुन्या नावाशी मार आणि शिव्या जोडलेल्या असतील, तर ते बदलणं हेच त्याच्यावर केलेलं पहिलं प्रेम.

माणसांचाही विचार हवा. शेजाऱ्याचं नाव, आडनाव, कुणाच्या जातीचा किंवा श्रद्धेचा उपमर्द होईल असा शब्द कुत्र्याला देऊ नये. गंमत म्हणून ठेवलेलं नाव दहा-बारा वर्षं जिन्यातून मोठ्यानं घ्यावं लागतं. लसीकरणाच्या कार्डावर आणि महापालिकेच्या परवान्याच्या अर्जावरही तेच लिहायचं असतं.

अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं, की इतर माणसांच्या बोलण्याचा गलका चालू असतानाही कुत्रे आपलं नाव ओळखतात. याचं मोल दिवाळीत कळतं. फटाक्यांना घाबरून कुत्री पट्टा तोडून पळतात, वाट चुकतात. म्हणून नाव सोसायटीच्या वॉचमनला, दूधवाल्याला, खालच्या मजल्यावरच्या मुलांनाही सांगून ठेवा आणि गळ्यातल्या बिल्ल्यावर फोन नंबरासोबत कोरून घ्या. जे नाव गल्लीतल्या कुणालाही चटकन घेता येतं आणि जे ऐकून कुत्रं निर्धास्तपणे जवळ येतं, तेच चांगलं नाव.