उरलेले चार आणे

आमच्या घरात दुखणं आण्यांत मोजतात. डॉक्टर विचारायचे, "शून्य ते दहा, किती दुखतंय?" मला काही केल्या आकडा सांगता यायचा नाही. एकदा आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सरळ विचारलं, "रुपयात किती आणे दुखतंय गं?" मी पटकन म्हणाले, "बारा आणे." त्यावर त्या म्हणाल्या, "मग चार आणे उरले की! ऊठ, चहा टाक."

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आज तेरा वर्षं उलटून गेल्यावर वाटतं, माझ्या सगळ्या औषधपाण्यात हे एक वाक्य फार उपयोगी पडलं.

मैत्रिणींनो, मी मोटारसायकल चालवणारी बाई. वडिलांनी त्यांच्या राजदूतवर मला नदीकाठच्या माळावर शिकवलं, ते १९९७ साल होतं. लग्न होऊन कोरेगावात आले तर इथं स्कूटी चालवणाऱ्या बायकाही मोजक्याच. मी पोस्टाच्या आर.डी.ची एजंट. महिन्याच्या महिन्याला घरोघर जाऊन बायकांचे शंभर-दोनशे रुपये गोळा करायचे आणि पोस्टात भरायचे. वाड्यावस्त्यांवर एस.टी. कुठली वेळेवर? म्हणून यांची स्प्लेंडर मीच जास्त वापरायची. हेल्मेट घालून निघाले की बायका हसायच्या, "काय गं, चंद्रावर चाललीस का?" आत्यांना तर अजिबात पसंत नव्हतं. "बाईच्या जातीला हे फटफटीचं येड कशाला," असं त्या रोज पुटपुटायच्या.

जानेवारी २०१२. उसाचा हंगाम जोरात होता. रहिमतपूरकडून वसुली करून परत येत होते. नुकतंच अंधारलं होतं. रस्त्यात पंक्चर झालेली उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा नाही, लाल पट्टी नाही, एक दगडसुद्धा ठेवलेला नाही. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड डोळ्यावर आला आणि पुढचं मला फक्त उसाच्या वासासकट आठवतं.

लोक धावून आले. त्यांच्या मनात चांगलंच होतं. दोघांनी काखेत धरलं, दोघांनी पाय धरले आणि मला मुटकुळं करून जीपमध्ये घातलं. तेव्हा १०८ ची रुग्णवाहिका आपल्याकडं नव्हती, ती महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. पुढं डॉक्टरांनी समजावलं की पाठीला मार लागलेल्या माणसाला कधीही असं उचलायचं नाही. मान आणि पाठ एका रेषेत राहील असं पाहायचं, हलवणं भागच असेल तर फळीवर किंवा दारावर सरळ झोपवून हलवायचं, नाहीतर रुग्णवाहिका येईपर्यंत आहे तिथंच राहू द्यायचं. मोडलेल्या मणक्याचा तुकडा आत सरकला तर वाचलेल्या नसाही जातात. माझं किती नुकसान धडकेनं झालं आणि किती उचलण्यानं, हे आता कोण सांगणार? त्या माणसांना मी दोष देत नाही, ती थांबली म्हणून मी जगले. डोकं वाचलं ते ज्याला बायका हसायच्या त्या हेल्मेटमुळं.

कमरेच्या पहिल्या मणक्याचा चुरा झाला होता. छातीचे मणके बरगड्यांमुळं ताठ असतात, कमरेचे लवचीक. ते जिथं मिळतात तिथं झटका बसला की मोडायची भीती जास्त. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू साधारण तिथंच संपतो आणि खाली नुसता नसांचा झुपका असतो. माझ्या पाठीत पट्ट्या-स्क्रू बसवले. नसा पुऱ्या तुटल्या नव्हत्या, म्हणून काही महिन्यांनी मी कुबडीवर उभी राहिले. पण डावं पाऊल लोंबकळतच राहिलं. ते वर उचललं जात नाही, त्याला प्लास्टिकचा आधार बांधावा लागतो. तुम्हाला माहीतच असेल, मोटारसायकलचा गिअर डाव्या पायानं टाकतात.

आणि वेदना! लोकांना वाटतं, हाड जुळलं की दुखणं संपलं. नसांचं दुखणं निराळं. ज्या पावलाला धड स्पर्श कळत नाही, त्याच पावलावर कुणी उकळतं तेल ओततंय असं रात्री दोन वाजता वाटतं. कधी मुंग्या, कधी विजेचा झटका. बाहेरून बघाल तर काही दिसत नाही. हळदीकुंकवाला गेले की बायका म्हणायच्या, "तोंडावर तर काही दिसत नाही हो तुमच्या." मी खाली बसू शकत नाही म्हणून खुर्ची मागितली तर तोही माज वाटायचा. एकदा दुखतंय म्हणून पावलावर गरम पाण्याची पिशवी ठेवली. भाजलेलं कळलंच नाही, सकाळी हा मोठा फोड! जखम भरायला दोन महिने लागले. बधिर भागाला शेक द्यायचा नाही, हे मी असं शिकले.

आणखी एक गोष्ट संकोच सोडून लिहिते. लघवीवरचा ताबा गेला होता. दर चार ते सहा तासांनी नळीनं स्वतः लघवी काढायची, हे एका नर्सताईंनी मला शिकवलं. बायका हे लपवतात, बाहेर जायचं तर पाणीच पीत नाहीत आणि जंतुसंसर्ग ओढवून घेतात. मीही तेच केलं आणि दोनदा तापानं फणफणून दवाखान्यात पडले. आता पर्समध्ये पासबुकांच्या शेजारी नळीचं पाकीट असतं. त्यात लाजायचं काय?

पहिलं दीड वर्ष मी भिंतीकडं तोंड करून काढलं. लेक बालवाडीत होती. ती जवळ आली की मला तिचा धक्का लागेल याचीच भीती. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगायचा, "पॉझिटिव्ह राहा." हा शब्द ऐकला की उशी फेकावीशी वाटायची. कुणीतरी दीपा मलिक यांच्याविषयीचं कात्रण आणून दिलं. १९९९ साली पाठीच्या कण्यातल्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचं छातीखालचं शरीर लुळं पडलं. तरी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, त्यांनी हॉटेल चालवलं, बदल करून घेतलेली गाडी घेऊन हिमालयातल्या रॅलीत उतरल्या. पुढं २०१६ साली रिओच्या पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळवलं. पॅरालिंपिकचं पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पण खरं सांगू? तेव्हा ते कात्रण वाचून मी आणखीनच रडले. त्या कुठं आणि मी कुठं, मला तर अंथरुणावरून कूस बदलता येत नव्हती.

मला उठवलं ते त्या चार आण्यांनी. आत्यांच्या गुडघ्यांची वाट लागलेली होती, त्यांनाही दुखण्याचा हिशेब कळत होता. आम्ही दोघी रोज सकाळी भाव ठरवायचो. बारा आण्यांचा दिवस असेल तर फक्त भाजी निवडायची. आठ आण्यांचा असेल तर उंच स्टुलावर बसून पोळ्या. सहा आणे असेल तर पोस्टापर्यंत जायचं. माझ्या लक्षात आलं की हे तर माझंच काम आहे. शंभर रुपये भरणाऱ्या बाईला मी कधी म्हटलं नाही की आधी लाख आणा. आहे त्यातून थोडं बाजूला काढा, एवढंच सांगत आले. तेच आता स्वतःला सांगायचं होतं.

हिशेबातून बऱ्याच गोष्टी कळल्या. एका दमात तासभर काम केलं तर दुसरा सगळा दिवस जातो. वीस मिनिटं काम आणि दहा मिनिटं आडवं पडणं केलं तर दिवस हातात राहतो. झोप मोडली की दुखणं दोन आण्यांनी महाग होतं. व्यायाम चुकवला की आठवड्यानं त्याचं व्याज भरावं लागतं. नसांच्या दुखण्याला नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा लागू पडत नाहीत, त्याची औषधं वेगळी असतात आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. दुकानातून गोळ्या आणून रोज खाल्ल्या तर पोट आणि मूत्रपिंड दोन्ही जातात. मनाचंही औषध मी घेतलं, वर्षभर. त्यातही लाजायचं नाही. आता तर १४४१६ या क्रमांकावर फोन केला की सरकारच्या टेलिमानस सेवेत समुपदेशक बोलतात. आमच्या वेळी तेही नव्हतं.

यांना मोटारसायकल भंगारात द्यायची होती. मी म्हटलं, थांबा. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक असलेल्या माणसाला बिघडलेली गाडी बघवत नाही. यांनी ती दुरुस्त केली आणि पडवीत ताडपत्रीखाली ठेवली. पहिल्या दसऱ्याला मी अंथरुणातच होते. बघते तर आत्या त्या गाडीला झेंडूची माळ घालतायत! मी म्हटलं, "तुम्हाला गाडीचा राग येत नाही?" तर म्हणाल्या, "लोखंडाला डोळे असत्यात व्हय? ट्रॉलीवाल्याला व्हते, त्यानं वापरलं न्हाईत."

२०१५ मध्ये डॉक्टरांची परवानगी घेऊन मी परत हँडल हातात धरलं. मोटारसायकल नाही, बिनगिअरची स्कूटर, मागं दोन्ही बाजूंना जादा चाकं लावलेली. आर.टी.ओ.त तशी नोंद केली आणि त्या प्रकारच्या गाडीचं लायसन्स काढलं. पहिल्या दिवशी फक्त गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. गतिरोधकावर सीटवरून उठता येत नाही, प्रत्येक हादरा मणक्यात जातो. म्हणून मी बैलगाडीच्या चालीनं जाते आणि दर वीस मिनिटांनी थांबते. पण चेहऱ्यावर वारा लागला तेव्हा तीन वर्षांत पहिल्यांदा वाटलं की मी पेशंट नाही, मी कुणीतरी निघालेली बाई आहे. दुखत होतंच, पण मी रस्त्याकडं बघत होते.

तर अशी मी सगळ्यांना सांगत फिरायची, "गाडीचा दोष नाही, घाबरायचं नसतं." आणि गेल्या दिवाळीत लेकीनं स्प्लेंडरची किल्ली मागितली. तिला नुकतंच अठरावं पूर्ण झालं होतं. कॉलेज साताऱ्याला, एस.टी.च्या वेळा जमत नाहीत. मी एका शब्दात नाही म्हटलं. तिनं कारण विचारलं, मी आवाज चढवला. दोन महिने आमच्यात अबोला होता. रात्री मला पाय भाजल्यासारखा व्हायचा आणि त्याच्याही वर तिचं चित्र दिसायचं, अंधार, ट्रॉली, ऊस.

एका रात्री ती पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "आई, तू बाहेर सगळ्यांना सांगतेस की घाबरू नका. मग तू खोटं बोलतेस का?"

मला उत्तर देता आलं नाही. माझं दुखणं मी तेरा वर्षांत सोळा आण्यांत बसवलं होतं, पण भीतीचा हिशेब कधी मांडलाच नव्हता. ती तशीच ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. भीती खोटी नव्हती. रस्ता आहे तसाच आहे, हंगामात ट्रॉल्याही आहेत. मग भीतीचंही तेच करायचं ठरवलं, आणे मोजायचे. काय टाळता येतं आणि काय नाही, असं दोघींनी वहीत लिहून काढलं. शिकाऊ लायसन्स आधी. आय.एस.आय. मार्कचं हेल्मेट आणि त्याचा पट्टा बांधलेला. पहिला आठवडा फक्त ब्रेक. हंगामात सूर्य मावळल्यावर गाडी काढायची नाही, उशीर झाला तर गाडी तिथंच ठेवून एस.टी.नं यायचं. अपघात दिसला तर थांबायचं, १०८ ला फोन करायचा आणि जखमीला ओढायचं नाही. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ सालच्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात तरतूद झाली आहे, त्यामुळं पोलिसांच्या भीतीनं पुढं निघून जायचं नाही. एवढं सगळं लिहूनही काही आणे उरलेच. ते आईनं सोसायचे असतात.

बाजार समितीच्या आवारात सुट्टीच्या दिवशी मी खुर्ची टाकून बसायची आणि ती गोल गोल फेऱ्या मारायची. "क्लच हळू सोड गं!" मी ओरडायची. बघितलं तर माझा डावा हात हवेतच क्लच सोडत होता.

या फेब्रुवारीत आम्ही त्या जागी गेलो, भर दुपारी. पुढं मी स्कूटरवर, मागं ती स्प्लेंडरवर. रस्त्याकडेला एक ट्रॉली उभी होती, मागं लाल पट्टी चकाकत होती. मी थांबले नाही, फक्त वेग कमी केला.

घरी आले तेव्हा पाठ नुसती पेटली होती. आत्यांनी ओट्याशेजारूनच विचारलं, "आज किती?"

"चौदा आणे."

"मग दोन आण्यांत काय आणलंस?"

मी पडवीकडं बोट दाखवलं. लेक फडक्यानं गाडी पुसत होती.