बाई, पाणी प्यायला जाऊ?

आमची शाळा नाशिक रोडला आहे. रेल्वेचे भोंगे वर्गात ऐकू येतात. पण आमच्या चौथीच्या वर्गाचा स्वतःचाही एक भोंगा आहे बरं का! मी फळ्यावर भागाकार लिहिला रे लिहिला, की मागच्या बाकावरून आवाज येतो, "बाई, पाणी प्यायला जाऊ?"

तुमच्याही वर्गात असा एकजण असेलच. कदाचित तो तुम्हीच असाल. (लाजू नका. इंग्रजीच्या तासाला माझं पोट दुखायचं.)

एकदा मी रागावून म्हटलं, "भागाकार आला की बरी तहान लागते रे तुला!" वर्ग खो खो हसला. तोही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. घरी आल्यावर मला काही चैन पडेना. भीती वाटली की तोंडाला खरोखरच कोरड पडते, हे मला ठाऊक होतं की! छाती धडधडते, तळहातांना घाम येतो. शरीर पळायची तयारी करतं. समोर वाघ आहे की भागाकार, ते बघत नाही. म्हणजे पोराची तहान खरीच होती. पालकांनो, "नाटकं करतो" म्हणण्याआधी एवढं ध्यानात घ्या.

दुसऱ्या दिवशी गणिताआधी मी दत्तू भोकनळची गोष्ट सांगितली. दत्तू आमच्याच नाशिक जिल्ह्यातला, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. दुष्काळी भाग. तो वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामावर जायचा. २०१२ साली लष्करात भरती झाला आणि पुण्यात त्याच्या हाती नावेची वल्ही आली. आणि गंमत म्हणजे, गड्याला पाण्याची भीती! एकट्याने वल्हवायची ती नाव इतकी अरुंद, की तोल गेला की माणूस पाण्यात. भीती जाईल आणि मग नावेत बसेन, असं म्हणत तो काठावर थांबला असता, तर काठावरच राहिला असता. तो भीतीसकट बसला.

या खेळात वल्हवणाऱ्याची पाठ शर्यतीच्या शेवटाकडे असते, माहीत आहे? शर्यत २००० मीटरची, पण शेवटची रेषा डोळ्यांसमोर नाहीच. हातातलं वल्हं, एवढंच आपलं.

२०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात भारताचा तो एकटाच खेळाडू होता. तेरावा आला. तेव्हा त्याची आई अपघातानंतर गंभीर आजारी होती. आईची काळजी मनातून काढून टाकता येते का? ती नावेत बसलेलीच असणार. तिच्यासकट वल्हवायचं.

२०१८च्या आशियाई स्पर्धेत, इंडोनेशियातल्या पालेमबांगला, २३ ऑगस्टला दत्तू आजारी असतानाच उतरला आणि अंतिम शर्यतीत सहावा, म्हणजे शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर त्याने चौघांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवलं.

गोष्ट संपली आणि मी भागाकार लिहिला. हात वर! मी म्हटलं, "जा हं. पण आधी डोळे मिटून सांग, भीती कुठे बसलीय?"

"पोटात. बेंबीच्या वर."

"बसू दे. हाकलू नकोस. आपण फक्त पहिला आकडा बघू."

त्या दिवशी तो पाण्याला गेलाच. दुसऱ्या दिवशीही गेला. भीती काय, सांगितल्याबरोबर शहाण्यासारखी वागत नाही! चौथ्या दिवशी मात्र बसून राहिला आणि अचानक रडायला लागला. मधल्या सुट्टीत हळूच म्हणाला, "दुसरीत असताना फळ्याजवळ चुकलो होतो. सगळे हसले होते."

आणि आता मीही सगळ्यांना हसवलं होतं. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुट्टीनंतर सगळ्या वर्गासमोर मी त्याला म्हटलं, "त्या दिवशी माझं चुकलं." वर्ग चिडीचूप. बाई चुकतात, ही त्यांना नवी बातमी होती.

मागच्या मंगळवारी फळ्यावर गणित होतं, ९५ भागिले ४. त्याचा एक हात पोटावर होता, दुसऱ्यात पेन्सिल. ओठ हलत होते. नवात चार दोनदा, एक उरला. पाच खाली घेतले, पंधरा झाले. पंधरात चार तीनदा. बराच वेळ गेला. बाहेर एक गाडी येऊन गेलीसुद्धा.

"बाई, तेवीस आले. तीन उरले."

"शाब्बास!"

"आता जाऊ पाणी प्यायला?"