बुरशीचा नायट्रेट-मार्ग आणि हरभऱ्याची मर

शेतात युरिया पडला की जमिनीतले जिवाणू त्याचे अमोनियम, अमोनियमचे नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट करतात. पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांतल्या काळ्या जमिनीत हे नायट्रेट कपाशी, तूर, हरभरा आणि संत्र्याच्या मुळांना मिळते. मुळांभोवतीच्या बुरशीही त्यावर जगतात. हरभऱ्याला मर लावणारी फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही त्यांपैकीच एक. (संत्र्याला डिंक्या लावणारी फायटोप्थोरा इथे धरलेली नाही. ती बुरशीसारखी दिसली तरी तिचे कूळ निराळे.)

नायट्रेट तसेच्या तसे पेशीच्या उपयोगाचे नसते. प्रथिने घडवायला नायट्रोजन अमोनियमच्या रूपात लागतो आणि या दोन रूपांत आठ इलेक्ट्रॉनांचे अंतर आहे. पेशीपटलावरचे वाहक प्रथिन नायट्रेट आत घेते. मग नायट्रेट रिडक्टेज हे विकर दोन इलेक्ट्रॉन देऊन त्याचे नायट्राइट करते. या विकरात फ्लेविन, हीम आणि मॉलिब्डेनमयुक्त सहघटक असे तीन टप्पे असून इलेक्ट्रॉन त्याच क्रमाने पुढे सरकतात. उरलेले सहा इलेक्ट्रॉन नायट्राइट रिडक्टेज एकट्याने देते आणि अमोनियम तयार होते. ते ग्लुटामेट व ग्लुटामिन यांत बांधले जाते. नायट्रेटच्या एका रेणूमागे एनएडीपीएचचे चार रेणू खर्ची पडतात. अमोनियम आयते मिळाले तर हा सगळा खर्च वाचतो, आणि बुरशी हा हिशेब फार चोख ठेवते.

तो कसा ठेवला जातो हे मुख्यतः ॲस्परजिलस निड्युलन्स या बुरशीवरून उलगडले. डेव्हिड कोव्ह आणि जॉन पेटमन यांनी १९६०च्या दशकात तिचे उत्परिवर्तित वाण गोळा करून या मार्गाची जनुके वेगळी काढली. वाहक प्रथिनाचे जनुक आणि दोन्ही रिडक्टेजची जनुके, एनआयआय-ए (नायट्राइट रिडक्टेजचे) आणि एनआयए-डी (नायट्रेट रिडक्टेजचे), आठव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. रिडक्टेजची दोन जनुके तर पाठीला पाठ लावून असून मधला सुमारे १,२०० बेसजोड्यांचा पट्टा दोघांना सामाईक आहे. यात सोय आहे. पहिले विकर चालू आणि दुसरे बंद राहिले तर पेशीत नायट्राइट साचेल, आणि ते विषारी असते.

ही जनुके सुरू व्हायला दोन परवानग्या लागतात. एनआयआर-ए हे प्रथिन नायट्रेट असल्याची खबर देते: नायट्रेट आले की ते केंद्रकात टिकून राहते, एरवी बाहेर धाडले जाते. दुसरे प्रथिन एआरई-ए. नायट्रोजनचा चांगला साठा हाताशी नाही, अशी त्याची खात्री व्हावी लागते. पेशीत ग्लुटामिन भरपूर असले की एनएमआर-ए हे तिसरे प्रथिन एआरई-एला जखडून ठेवते. म्हणून नायट्रेट आणि अमोनियम दोन्ही समोर असताना बुरशी आधी अमोनियम संपवते.

या मार्गाचा शेतीशास्त्राला झालेला सर्वांत मोठा उपयोग मात्र तो मोडण्यातून झाला. क्लोरेट हे नायट्रेटसारखे दिसणारे विष. नायट्रेट रिडक्टेज त्याचे अधिक विषारी क्लोराइट बनवते, असे सामान्यतः सांगितले जाते; कोव्ह यांनी १९७६मध्ये हे स्पष्टीकरण पुरेसे नसल्याचे दाखवले. ते काहीही असो, दीड टक्का पोटॅशियम क्लोरेट घातलेल्या बशीत फ्युजेरियमची वाढ खुंटते आणि काही दिवसांनी कडेने पंख्यासारखा एखादा पट्टा जोमाने बाहेर पडतो. तो आपोआप उपजलेला, नायट्रेट न पचवणारा वाण. केवळ नायट्रेट असलेल्या माध्यमात तो काचेला चिकटून विरळ पसरतो. कोणते जनुक बिघडले ते आहार बदलून कळते. नायट्राइटवर वाढतो पण हायपोझँथिनवर नाही, तर दोष मॉलिब्डेनम सहघटकाचा. हायपोझँथिन पचवणाऱ्या विकरालाही तोच सहघटक लागतो.

१९८५मध्ये जे. ई. पुहाल्ला यांनी यावरूनच नात्याची कसोटी बसवली. वेगवेगळे दोष असलेले दोन वाण विरळ पसरत एकमेकांना भिडतात. तंतू जुळून केंद्रके एका पेशीत आली तर एकाची उणीव दुसरा भरून काढतो आणि भेटीच्या रेषेवर दाट पांढरी कापसासारखी भिंत उठते. जुळणारे एका गटाचे, न जुळणारे परके.

हरभऱ्याच्या मरीबाबत या कसोटीचे उत्तर लक्षणीय आहे. रोगट झाडाचे खोड उभे चिरले तर आतल्या वाहिन्या काळपट-तपकिरी दिसतात, मग बुरशीचा प्रकार कोणताही असो. पाटनचेरूच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत हवारे आणि नेने यांनी १९८२मध्ये भारतातले चार प्रकार ओळखले: हैदराबाद, कानपूर, गुरुदासपूर आणि हिस्सारचे. कोणता हरभरा कोणत्या प्रकाराला बळी पडतो, एवढाच हा भेद. नायट्रेटच्या कसोटीवर मात्र हरभऱ्यावर रोग करणारे सगळे वाण एकाच गटात बसतात. सगळ्यांचे मूळ एक असावे, असा याचा सरळ अर्थ.

नायट्रेट न पचवणारे हे वाण बहुधा रोग करतच राहतात. झाडाच्या वाहिन्यांत त्यांना अमिनो आम्लांच्या रूपात नायट्रोजन मिळतो, त्यामुळे एनआयए-डी बिघडल्याने त्यांचे फारसे अडत नाही. एआरई-एच्या जागीचे नियामक प्रथिन काढले तर मात्र फ्युजेरियमची रोग करण्याची ताकद घटते. खतांचे चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. टोमॅटोच्या शेतांतला जुना अनुभव असा की चुन्यासह नायट्रेट दिल्यास मर कमी होते आणि अमोनियमने वाढते. २०१०मध्ये स्पेनमधल्या संशोधकांना नियंत्रित प्रयोगात नेमके उलटे दिसले: अमोनियम दिलेल्या टोमॅटोत मर उशिरा आली. जमिनीची आम्लता आणि इतर सूक्ष्मजीव शेतात हजर असतात, तसे ते प्रयोगात नसतात. हा फरक बहुधा तिथलाच. तेव्हा मर रोखण्यासाठी खत बदलणे हा हरभऱ्याला भरवशाचा इलाज नाही. या बुरशीचे जाड भिंतीचे बीजाणू यजमान पीक नसतानाही सहा वर्षे जमिनीत टिकतात, त्यामुळे एक-दोन वर्षांच्या फेरपालटाने ती हटत नाही. भर द्यावा लागतो तो जबलपूरच्या जेजी ३१५सारख्या हरभऱ्याच्या प्रतिकारक वाणांवर आणि पेरणीपूर्वीच्या बीजप्रक्रियेवर.