आले का पैसे?

12 एप्रिल 2025, शनिवार, हनुमान जयंती. पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावरचं चुडावा असो की मुंबईतलं वांद्रे, त्या दिवशी यूपीआय काही तास सगळीकडे सारखंच अडलं. मोबाइलवर चक्र फिरतंय, गिऱ्हाईक म्हणतंय “गेले”, दुकानदार म्हणतोय “साउंडबॉक्स तर बोलला नाही.” दोघंही खरं बोलत होते.

हॅकर वगैरे कुणी सापडला नाही. ‘त्या व्यवहाराचं काय झालं?’ ही विचारणा काही बँकांच्या यंत्रणा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयकडे सारखी पाठवत होत्या, जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा. व्यवहार अडला की विचारणा वाढणार आणि तिच्या ओझ्याखाली पुढचे व्यवहार अडणार. विचारायला तर पैसा पडत नव्हता. मिस कॉलवर आपण निम्मा संसार चालवला तो याच हिशेबावर: लाइन वापरायची, पण बिल उचललेल्या कॉलचंच.

यूपीआयची सुरुवात 11 एप्रिल 2016 ची. पुढे 1 जानेवारी 2020 पासून दुकानदारावरचं शुल्कही गेलं. त्याच वर्षी काही खासगी बँकांनी महिन्याला 20 पेक्षा जास्त वेळा पैसे पाठवणाऱ्याला आकार लावून पाहिला. उगाचच्या व्यवहारांनी यंत्रणा तुंबते, असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्ष कर मंडळाने 30 ऑगस्ट 2020 च्या परिपत्रकात घेतलेले पैसे परत करायला सांगितलं. कायद्याने ते बरोबरच होतं. पण बँकांची तक्रार अगदीच खोटी नव्हती, असं मला वाटतं.

फुकटच्या प्रयत्नांचा हाच काटा बिटकॉइनवाल्यांनाही रुतलेला आहे. जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी मांडलेल्या लाइटनिंग नेटवर्कमध्ये दोघं जण मिळून बिटकॉइन अडकवून चॅनेल उघडतात आणि रक्कम अशा अनेक चॅनेलांतून पुढे सरकते. एका चॅनेलमध्ये एका दिशेला एका वेळी फार तर 483 व्यवहार अधांतरी राहू शकतात. कुरापतखोर काय करतो? इतरांच्या चॅनेलांतून स्वतःलाच चिल्लर रकमा पाठवतो आणि पलीकडच्या टोकाला त्या घेतही नाही, नाकारतही नाही. मुदत संपली की पैसे परत. दलाली पूर्ण झालेल्या व्यवहाराचीच, म्हणून त्याचा खर्च जवळपास शून्य. तोवर चॅनेल मात्र ठप्प. जेरुसलेमच्या आयेलेत मिझराही आणि अवीव झोहर यांनी 2020 मध्ये हा धोका मोजून दाखवला. 2022 मध्ये क्लारा शिखेलमान आणि सर्गेई तिखोमिरोव यांनी दुहेरी उपाय सुचवला: फसलेल्या प्रयत्नालाही किंचित आगाऊ शुल्क, आणि शेजारच्या चॅनेलवाल्याची पत पाहून जागा देणं. पत पाहण्याचा उपाय मला जास्त पटतो, पण नाव-गाव नसलेल्यांची पत ठरवायची म्हणजे कष्टाचं काम.

एनपीसीआयला ती अडचण नव्हती. प्रत्येक बँक नावानिशी माहीत, त्यामुळे शुल्काच्या वादात न पडता तिने सरळ मर्यादा घातल्या. 1 ऑगस्ट 2025 पासून एका ॲपवरून दिवसाला 50 वेळाच शिल्लक पाहता येते (दोन ॲप असली की शंभर, हे गावात कुणाला शिकवावं लागत नाही). अडलेल्या व्यवहाराची चौकशी थोडा वेळ थांबून, तीही तीनदाच. हप्त्यांची आपोआप वसुली गर्दीच्या वेळा टाळून. त्याच ऑगस्टमध्ये व्यवहारांच्या संख्येने 2,000 कोटींचा टप्पा ओलांडला.

नियमांत आणखी एक कलम आहे: व्यवहार यशस्वी झाला की शिल्लक बँकेनेच दाखवावी, म्हणजे लोक पुन्हा पुन्हा पाहणार नाहीत. ती दिसते पैसे देणाऱ्याला. साउंडबॉक्सचं भाडं न परवडणारा भाजीवाला मात्र घेणारा असतो. त्याची खात्री अजून शिल्लक पाहूनच होते, आणि बाजाराच्या दिवशी पन्नास गिऱ्हाइकं म्हणजे काही फार नव्हेत.